टेकडीवरच्या झाडांसाठी माणसे जोडताना : नव्या संयोजकांसाठी मार्गदर्शन

सातारा शहरात कुठेही उभे राहिले तरी डोंगर नजरेआड होत नाही. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर आणि पूर्वेकडे लांबवर जरंडेश्वर असे हे कडे पावसाळ्यात हिरवेगार असतात, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत वाळक्या गवताने पिवळे पडतात. त्यांच्या उतारांवर झाडे लावावीत असे दरवर्षी कोणाला ना कोणाला वाटतेच. जूनमध्ये त्यासाठी माणसे गोळा करणे अजिबात अवघड नसते, कारण पाऊस पडलेला असतो, हवा छान असते, रोपे कोणीतरी दिलेली असतात आणि फोटोही चांगले येतात. मार्चच्या तिसऱ्या रविवारी पाण्याचे कॅन उचलायला जेवढी माणसे येतात, तेवढाच आपला गट आहे असे समजावे. जूनमधली गर्दी आणि मार्चमधली हजेरी यांतले अंतर कसे कमी करावे, हे पहिल्यांदाच असा गट उभा करू पाहणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी जागा आणि आवाका

माणसे बोलावण्यापूर्वी जागा निश्चित करावी. टेकडीवरची जमीन साधारणपणे वनविभागाची, गायरान किंवा खाजगी मालकीची असते. वनविभागाच्या जागेसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा, गायरानासाठी ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा, आणि जागा मालकीची असेल तर सातबाऱ्यावर ज्यांची ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची लेखी संमती घ्यावी. एका भावाने ‘लावा की’ म्हटले म्हणून खड्डे काढले आणि दुसऱ्या भावाने येऊन काम थांबवले, तर त्या सकाळी आलेली माणसे पुन्हा येत नाहीत. जांभ्या खडकाचा उघडा सडा, म्हणजे उथळ मातीचे खडकाळ पठार, मात्र झाडांसाठी निवडू नये. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत गेलेले कासचे पठार असाच सडा आहे, आणि तिथली फुले त्या उघड्या, उथळ मातीच्या जमिनीवरच फुलतात. आपल्या गावाजवळचा सडा कासइतका प्रसिद्ध नसला, तरी त्यावर खड्डे काढणे हे निसर्गाचे नुकसानच आहे.

किती झाडे लावायची हे रोपांच्या संख्येवरून ठरवू नये, तर उन्हाळ्यातल्या हातांवरून ठरवावे. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला साधारण दहा लिटर पाणी लागते, म्हणजे दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन केलेली एक खेप. दहा-पंधरा मिनिटांच्या चढावर बेताची प्रकृती असलेला माणूस दीड तासात तीन किंवा फार तर चार खेपा करतो. भरवशाची दहा माणसे असतील तर पहिल्या वर्षी तीस रोपे पुरेशी आहेत. कोणी पाचशे रोपे फुकट देऊ केली, तरी त्यांपैकी तीस घ्यावीत आणि बाकीची आभार मानून परत पाठवावीत. हा नकार देताना संकोच वाटतो, परंतु वाळलेल्या रोपांचा उतार दर रविवारी पाहणे हे गटाच्या मनोबलाला फार जड जाते, आणि ‘एवढी लावली, किती जगली?’ या प्रश्नाला उत्तर देता देता चांगली माणसे गळतात.

पहिली पाच-सहा माणसे

सुरुवात जाहीर आवाहनाने करू नये. सहा महिने टिकतील अशी पाच-सहा माणसे आधी शोधावीत, आणि ती शोधण्याची जागा म्हणजे तीच टेकडी. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पहाटे रोज चालायला येणारे लोक आहेत, खाली त्यांची चहाची ठरलेली टपरी आहे. तिथे महिनाभर चहा घ्यावा, ओळखी कराव्यात, आणि झाडांचा विषय लगेच काढू नये. कोणाच्या घरी शेती आहे, कोण नुकतेच निवृत्त झाले आहे, कोणाला गुडघ्याचा त्रास आहे, कोणाची मुलगी पुण्याला नोकरीला आहे, हे कळू लागले की कोणाला काय विचारता येईल हेही आपोआप कळते. मग एकेकाला वेगवेगळे भेटून विचारावे. ‘तुम्ही याल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे भिडेखातर ‘येतो की’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘या रविवारी खड्ड्यांची जागा आखायची आहे, दोरी धरायला एक माणूस कमी आहे’ असे सांगितले तर येणारा माणूस खरोखर येतो, कारण आपल्यावाचून काम अडेल हे त्याला दिसत असते.

या पहिल्या मंडळींत एक माणूस हवाच, आणि बहुतेक शहरी संयोजक त्यालाच विसरतात. तो म्हणजे त्या उतारावर शेळ्या-मेंढ्या चारणारा. त्याच्याशी बोलणे झाल्याशिवाय एकही खड्डा काढू नये. तारेचे कुंपण घालून त्याला बाहेर ठेवण्याचा विचार स्वस्तात होणारा नाही, आणि झाला तरी कुंपण रात्रीतून नाहीसे होते. अशाच एका मामांना मी झाडांविषयी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हातातली काठी जमिनीला टेकवत शांतपणे म्हटले, ‘लावा की झाडं, आमचं काय जातंय. पर बकऱ्यास्नी पाटी वाचाय येत न्हाई.’ मग आम्ही दोघे उतारावरून फिरलो. पाणवठ्याकडे जाणारी वाट आणि तिच्या डावीकडचा पट्टा त्यांच्या जनावरांसाठी मोकळा सोडायचा, उजवीकडच्या पट्ट्यात झाडे शेळीच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत कळप न्यायचा नाही, असे ठरले. असा करार कागदावर नसतो, त्यामुळे तो जिवंत ठेवावा लागतो. सणाला त्यांच्या घरी जाणे, आजारी जनावराला डॉक्टर मिळवून देणे, आपल्या चहात त्यांचा कप धरणे हे सारे त्यात येते. आठवड्याचे सातही दिवस टेकडीवर असणारा तो एकटाच माणूस आहे. कोणते रोप आडवे झाले, कुठून धूर दिसतो, हे सर्वांत आधी त्यालाच समजते.

ठरलेला वार, ठरलेली वेळ

वार, वेळ आणि जमण्याची जागा एकदा ठरली की ती बदलू नये. रविवारी सकाळी साडेसहाला अमुक पारावर, असे ठरले तर दोनच माणसे आली तरी साडेसहालाच निघावे आणि आठला काम थांबवावे. आणखी थोडे काम उरले आहे म्हणून नऊपर्यंत लोकांना थांबवणारा संयोजक पुढच्या रविवारची हजेरी स्वतःच्या हाताने कमी करतो, कारण घरी कोणीतरी वाट पाहत असते. काम संपल्यावर दहा मिनिटांचा चहा मात्र चुकवू नये. गटातली खरी बोलणी तिथेच होतात, आणि ज्याला चढ जमत नाही असा एखादा ज्येष्ठ सभासदही त्या चहासाठी पायथ्याशी येऊन बसू शकतो.

रविवारची सकाळ स्त्रियांना सहसा सोयीची नसते, हे पुरुष संयोजकांच्या लक्षात येत नाही. सुट्टीच्या दिवशी घरातले काम उलट वाढलेले असते. बुधवारी सायंकाळी साडेपाचला दुसरी पाळी ठेवली, आणि ती चालवण्याची जबाबदारी एखाद्या ताईंकडे पूर्णपणे सोपवली, तर निराळीच मंडळी जोडली जातात. अंधार पडण्यापूर्वी सर्वजणी एकत्र खाली उतरतील एवढी एकच अट त्या पाळीला घालावी.

व्हॉट्सॲपचा गट करावा, परंतु त्याचा उपयोग सूचनेपुरता ठेवावा. सुप्रभात, राजकीय चित्रफिती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस सुरू झाला की लोक गट आवाज बंद करून ठेवतात, आणि मग ‘आज टँकर येणार नाही’ हा महत्त्वाचा निरोपही कोणी वाचत नाही. बोलावणे शक्यतो फोनवर आणि एकेकाला करावे. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास त्यासाठी राखून ठेवावा. जो दोन रविवार आला नाही त्याचे नाव सर्वांसमोर कधीही काढू नये. त्याला फोन करून ‘का आला नाहीत?’ असे विचारण्याऐवजी ‘घरी सगळे बरे आहेत ना?’ असे विचारावे. बहुतेक वेळा घरी काहीतरी झालेलेच असते, आणि ते विचारणारा पहिला माणूस आपण ठरतो.

नवा माणूस आला की

पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला एकटे उभे ठेवू नये. त्याच्यासोबत जुन्यांपैकी एकाला द्यावे, आणि दोघांना मिळून पूर्ण होईल असे काम द्यावे, उदाहरणार्थ चार रोपांची आळी नीट करणे, किंवा रोपाला काठीशी सुतळीने सैल, इंग्रजी आठच्या आकारात बांधणे. त्या दिवशी त्याला पंधरा माणसांची ओळख करून देण्यात अर्थ नाही, कारण एकही नाव लक्षात राहत नाही. जाताना त्याचा फोन नंबर घ्यावा आणि मंगळवार-बुधवारच्या सुमारास एक फोन करावा. तुम्ही बांधलेले रोप वाऱ्यात उभे राहिले, एवढेच सांगावे. तो पुन्हा येतो.

वाढदिवसाला झाड लावण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. तिला माझा विरोध नाही, पण झाडावर माणसाच्या नावाची पाटी लावू नये असे माझे ठाम मत आहे. तो माणूस येईनासा झाला की झाड पोरके होते, आणि इतर लोक ‘ते त्यांचे आहे’ म्हणून त्याला पाणी घालायला कचरतात. नावाने झाडे वाटण्यापेक्षा दहा-बारा झाडांचा पट्टा तिघांच्या नावे करावा. तिघांपैकी एक गावाला गेला, एक आजारी पडला, तरी तिसरा असतो, आणि एकमेकांच्या वेळा सांभाळता सांभाळता त्या तिघांची मैत्री होते. वाढदिवसाचे झाड लावायला आलेल्या कुटुंबाला याच एखाद्या पट्ट्याशी जोडावे आणि पुढच्या उन्हाळ्यातील एक महिना मागून घ्यावा.

वही, हत्यारे आणि पैसा

एक जाड वही ठेवावी. तिच्यात तारीख, आलेल्यांची नावे, झालेले काम आणि मेलेली रोपे एवढेच लिहावे. वही संयोजकाने स्वतःकडे ठेवू नये. टेकडी चढणे ज्यांना शक्य नाही, पण ज्यांचे अक्षर चांगले आहे आणि ज्यांना व्यवस्थितपणाची आवड आहे, अशा कोणाकडे तरी ती द्यावी. कुदळ, टिकाव, पहार, फावडी, घमेली आणि कॅन ठेवण्याची जागा पायथ्याजवळच्या एखाद्या घरी मागून घ्यावी. किल्ली दोघांकडे असावी. गट मोडण्याची कारणे पुष्कळदा इतकी किरकोळ असतात की ती सांगतानाही हसू येते, आणि किल्लीवाला गावाला गेल्यामुळे बारा माणसे पारावरून परतणे हे त्यांपैकीच एक आहे.

पैशाच्या बाबतीत सातारा जिल्ह्याकडे स्वतःचा आदर्श आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी घराघरांतून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची मुष्टिफंडाची पद्धत रुजवली. त्या मुठीने धान्य तर मिळालेच, शिवाय प्रत्येक घराला संस्था आपली वाटू लागली. गटानेही हेच धोरण ठेवावे. प्रत्येकाने महिन्याला परवडेल तेवढी, पण सर्वांनी सारखी, लहान रक्कम द्यावी, आणि जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवावा. सुरुवातीलाच एखाद्या मोठ्या देणगीदाराचा फलक उतारावर लागला की बाकीच्यांना आपण त्यांच्यासाठी काम करतो आहोत असे वाटू लागते. कोणाला मदत करायचीच असेल तर कॅन, काठ्या, शेणखत अशा वस्तू मागाव्यात.

संस्था म्हणून नोंदणी करण्याची घाई करू नये. त्यासाठी किमान सात माणसे, घटना, पदे, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील पाठपुरावा आणि दरवर्षीचे हिशेबतपासनीस हे सर्व लागते. शिवाय ‘अध्यक्ष कोण?’ हा प्रश्न जन्माला येतो. दोन उन्हाळे पार पडल्यावर त्याचा विचार करावा.

राजकारण आणि रुसवे

गाव असो वा शहरातली पेठ, निवडणूक आली की सर्व ओळखींना पक्षाचा रंग चढतो. टेकडीवर कोणत्याही पक्षाचा गमछा, झेंडा किंवा घोषणा नको, हा नियम निवडणुकीच्या आधीच, कोणाचाही रोष नसताना सर्वांच्या संमतीने ठरवून घ्यावा. नगरसेवकांना बोलवायचे असेल तर विरोधी बाजूच्या माणसालाही बोलवावे, आणि दोघांच्याही हातात कॅन द्यावा. गट एकाच भावकीचा, एकाच आळीचा किंवा एकाच कार्यालयातील सहकाऱ्यांचा होत नाही ना, हेही दर काही महिन्यांनी वही उघडून पाहावे. नावांवरून ते लगेच दिसते.

रुसवे होणारच. एखाद्याने लावलेले रोप दुसऱ्याने उपटून जागा बदलली, चहाचे पैसे कोणीतरी दोनदा मागितले, फोटोत कोणीतरी कापले गेले, अशी ती कारणे असतात. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर त्यांची उकल करू नये. त्याच आठवड्यात त्या माणसाच्या घरी जावे, त्याचे संपूर्ण ऐकून घ्यावे, आणि घरातल्यांशीही बोलावे. आपल्या भागात माणूस लग्नाला आला नाही तर चालते, परंतु मयतीला आणि सावडायला आला नाही हे लोक वर्षानुवर्षे विसरत नाहीत. संयोजकाने एवढे एक पथ्य पाळले, तरी निम्मे रुसवे निर्माणच होत नाहीत.

उन्हाळा

कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप ही गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा जिंकली. अशा स्पर्धेत मुदत ठरलेली असते आणि शेजारच्या गावाशी चुरस असते. ती ताकद मोठी आहे. आठवड्याला तीस झाडांना पाणी घालण्याच्या कामात यांपैकी काहीही नसते, आणि काम तीन उन्हाळे चालते. म्हणून उन्हाळ्याची तयारी जानेवारीतच करावी.

जानेवारीच्या एका रविवारी सर्वांना वहीत आपापले अडचणीचे आठवडे लिहायला सांगावेत. मुलांच्या परीक्षा, गावची जत्रा, लग्नसराई, साखर कारखान्यात असणाऱ्यांचा हंगाम, मे महिन्यात आजोळी जाणे, हे सर्व आधीच माहीत असते. ते कागदावर आले की एप्रिलचा दुसरा आठवडा रिकामा आहे हे जानेवारीत दिसते, आणि तो भरण्यासाठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना किंवा एखाद्या तालमीच्या मुलांना वेळेवर विचारता येते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून कामाची वेळ पावणेसहाला आणावी आणि काम दीड तासात आटोपावे. पायथ्याशी पाण्याची टाकी ठेवता आली तर पाणी आणण्याची बरीच मेहनत वाचते. टाकी भरण्याची जबाबदारी त्या रविवारी न येणाऱ्यावर टाकावी, म्हणजे न येणाराही गटातच राहतो.

वणव्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो, मात्र साताऱ्याच्या उतारांवरचे गवत त्याच्या बरेच आधी वाळते. डिसेंबरमध्येच प्रत्येक रोपाभोवतीचे गवत किमान हातभर त्रिज्येत मुळासकट काढावे, आणि ओलावा टिकवण्यासाठी पसरलेले वाळके आच्छादनही या काळात मातीने झाकावे. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढण्याचे काम वनकर्मचाऱ्यांसोबतच करावे. स्वतःहून गवत पेटवणे हा राखीव वनात गुन्हा आहे. आग दिसताच वनरक्षकाला आणि १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. वाऱ्याच्या जोरावर आग चढाच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने जाते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कोणीही जाऊ नये, आणि लहान मुलांना तर पायथ्याच्या पुढे सोडूच नये.

एवढे करूनही एखाद्या वर्षी आग येते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न बोलावताही माणसे टेकडीवर येतात, काळ्या जमिनीवर उभी राहतात आणि बोलण्यासारखे काही नसते. अशा वेळी कोणी पेटवले याची चर्चा संयोजकाने सुरू होऊ देऊ नये, कारण संशयाची सुई बहुतेक वेळा गुराख्याकडे वळते आणि एवढ्या कष्टाने जोडलेले नाते एका वाक्यात तुटते. लगेच हाताला काम द्यावे. दोघा-दोघांनी एकेक रोप घ्यावे, खोडाची साल नखाने हलकेच खरवडावी, आणि आत हिरवे आहे की तपकिरी हे पाहावे. वरून खाली खरवडत येताना जिथे हिरवे लागते तिथे सुतळीचा तुकडा बांधावा. करंज, पळस, आपटा यांची वरची फांदी जळाली तरी बुंध्यातून फूट येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून मेल्यासारखे दिसणारे रोप पावसाळ्याच्या आत उपटू नये. अर्ध्या तासात किती रोपांवर सुतळी बांधली गेली हे वहीत लिहावे आणि त्याच संध्याकाळी त्या रोपांना पाणी घालावे.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर

संयोजकाने पहिल्या वर्षापासूनच महिन्यातून एक रविवार मुद्दाम गैरहजर राहावे. आपण नसताना कोण फोन करते, कोण किल्ली आणते, वाद झाला तर लोक कोणाकडे पाहतात, हे दुसऱ्या दिवशी विचारले की पुढचा संयोजक कोण होऊ शकेल ते समजते. अशा दोघांना दुसऱ्या वर्षी एकेक पाळी पूर्णपणे सोपवावी, आणि त्यांनी आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने काम केले तरी मध्ये पडू नये.

तिसरा पावसाळा संपला की मुळे खोल गेलेली असतात, आणि करंज, कडुनिंब, बहावा यांना पाणी पंधरवड्यातून एकदा दिले तरी पुरते. कामाची निकड कमी झाली की हजेरी उतरू लागते, म्हणून नव्या पट्ट्याची परवानगी त्या दिवाळीपूर्वीच मिळवून ठेवावी. नवा पट्टा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आलेल्यांच्या हाती द्यावा, जुन्यांपैकी दोघेच त्यांच्यासोबत जावेत, आणि मूळ संयोजकाने त्या पट्ट्यावर वही, किल्ली, फोन यांपैकी काहीही आपल्याकडे न ठेवता इतरांसारखे दोन कॅन घेऊन चढावे.